अर्धी पोळी आणि सातवीचा स्तर

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून आजच लिहितेय.

थाटीपूरच्या आमच्या हिंदी शाळेत यंदा शेजारची छोटी शाळा विलीन केली. सातवीच्या दोन वर्गांचा एक झाला. आमची मुलं समीकरणांवर होती, त्यांची अजून अपूर्णांकांवर. प्राचार्यांनी फर्मान काढलं, "सब समीकरण से चलेंगे. स्तर नहीं गिरना चाहिए."

तेव्हापासून त्या शाळेतल्या मानसीचं गणिताच्या तासाला पोट दुखतं. आज ती रडलीच. मी प्राचार्यांकडे अपूर्णांकांसाठी थोडे दिवस मागितले. ते हसले. "मैडम, कमज़ोर बच्चों के लिए होशियार बच्चों का नुकसान करें?"

वर्गात परतले आणि त्या होशियार बच्च्यांनाच विचारलं, अर्धा अधिक एक तृतीयांश किती? पहिल्या नंबरचा मुलगा ताडकन म्हणाला, "टू बाय फाइव!" बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, "अर्धी पोळी खाल्ली, वर आणखी खाल्ली, आणि एकूण अर्ध्याहून कमी झाली?"

मग सगळेच वहीत पोळ्या काढायला लागले, मानसीसुद्धा. तास संपला तरी कुणी उठेना.

दारातून प्राचार्य म्हणाले, "ये तो छठी का है."

"जी सर, और सातवीं को नहीं आता."

संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर त्यांचा हुकूम आला: सोमवारपासून प्रार्थनेच्या आधी समीकरणांचा जादा तास. धन्य आहे!

घरात सातवीचं मूल असेल तर त्याला हा प्रश्न विचारा आणि मिळालेलं उत्तर इथे लिहा. चुकलं तर त्याला रागावू नका. कोणावर रागवायचं ते वर लिहिलंय.