पट्टी बांधलेलं अंजीर

आमच्या शेजारच्या मेट्रनबाईंनी जन्मात कुठल्याही गोष्टीतलं पहिलं स्वतःसाठी ठेवलं नसेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. कढईतली पहिली भजी शेजारी जायची, साबणाची नवी वडी आधी कामवालीच्या हाताला लागायची, आणि त्यांचं वर्तमानपत्र मी वाचून परत केल्याशिवाय त्या उघडत नसत. कधी घाईत तसंच परत केलं, तर पहिल्या पानावर काय आहे ते विचारून माझी परीक्षा घ्यायच्या.

बाई बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू. नोकरी सगळी मुंबईच्या इस्पितळात झाली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी कान्ह्याला स्टेशनजवळ घर बांधलं. आवाज मात्र वॉर्डातलाच राहिला. त्या "जीभ दाखव" म्हणाल्या की दूधवाला सायकल उभी करून निमूट दाखवायचा. अशा बाईंनी अंगणात अंजीर लावलं. मावळातल्या पावसात ते कसलं तग धरतंय! शेजारचे आबा झाडाला आपल्या विहिरीचं पाणी द्यायचे आणि दर वर्षी सांगायचे, "बाई, हितं अंजीर न्हाई व्हायचं. करवंद लावा."

"पेशंटसमोर असं बोलू नये, आबा," बाई म्हणायच्या.

सातव्या उन्हाळ्यात झाडाला एक, अगदी एकच फळ धरलं. बाईंनी त्याच्या देठाला गॉजची पट्टी बांधली. येणारे-जाणारे झाडाला काय लागलं म्हणून काळजीनं चौकशी करू लागले. शेवटी मीही विचारलं. बाईंनी सांगितलं, पूर्वी त्यांच्या लोकांत शेतातलं पहिलं फळ दिसलं की त्याला गवताची काडी बांधून खूण करायचे आणि पिकलं की टोपलीत घालून यरुशलेमच्या मंदिरात न्यायचे. त्याला बिक्कुरीम म्हणतात.

"पण ते मंदिर तर आता नाही," मी म्हणालो.

"मंदिर पडलं म्हणून आभार मानायचे राहतात का, मास्तर? वर्षभर राबलं की माणसाला वाटतं, हे सगळं मीच केलं. त्यातलं पहिलं हातातून सोडलं की कळतं, आपल्याला ते मिळालेलं असतं."

फळ पिकलं त्या सकाळी त्यांनी आबांना आणि मला बोलावलं. फळ हातात धरून काही बोलायचं असतं, म्हणाल्या. आपले पूर्वज भटके होते, परक्या मुलखात राबले, देवानं सोडवून या जमिनीवर आणलं, अशा अर्थाचं. पाणी आबांचं, तेव्हा आबांनीही म्हणायला हवं. आबा दोन पावलं मागे सरकले. "मला वाचता येत न्हाई, बाई. मास्तरास्नी सांगा."

मी चष्मा लावूनच बसलो होतो.

"चष्मा काढा," बाई म्हणाल्या. "पूर्वी ज्याला येई तो स्वतः म्हणायचा, न येणाऱ्याला दुसरा सांगायचा. मग न येणारे लाजेनं यायचेच बंद झाले. तेव्हा ठरलं, सगळ्यांनाच दुसऱ्यानं सांगायचं. दोघंही माझ्यामागून म्हणा."

आम्ही म्हणू लागलो. पूर्वज भटके होते, इथवर आलो आणि आबा थांबले.

"माजा बा पन हिंडतच आला," ते म्हणाले. "गाव धरनात गेलं, तवा पोरंबाळं घिऊन हितं आला. ही हीर त्यानंच खांदली."

बाईंच्या पूर्वजांचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं होतं आणि वाचलेल्यांनी तिथे तेलाचे घाणे चालवून पोट भरलं होतं. हे त्या नेहमी ठणकावून सांगत. "हेच म्हणायचं असतं, आबा," आज मात्र त्या हळूच म्हणाल्या. मग पट्टी सोडून त्यांनी अंजीर आबांच्या हातावर ठेवलं.

"देवाचं हाये ह्ये," आबा कचरले.

"त्याच्याकडे न्यायला माझ्याकडे मंदिर नाही. तुम्ही घ्या."

आबांनी अर्धं मला दिलं. बाईंनी चवसुद्धा पाहिली नाही, पण कसं लागलं म्हणून दोनदा विचारलं. आबांना खोटं बोलता येत नाही. "वाईच कच्चं हाय," ते म्हणाले, आणि बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

दोन वर्षांमागे गुडघे थकले तेव्हा मुलगी त्यांना आपल्याकडे इस्राएलला घेऊन गेली. आबा संध्याकाळी कट्ट्यावर येऊन बसतात आणि मधूनच विचारतात, "बाई तितं कुनाशी बोलत असतील, मास्तर?" मी म्हणतो, तिथे सगळी त्यांचीच माणसं आहेत. आबा मान हलवतात, पण त्यांना ते पटलेलं दिसत नाही.