कोशातली बाई लग्न करते

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. सव्वीस वर्षांत तिच्या हातून चुकीचं उदाहरण छपाईला गेलं नव्हतं. लोखंडी खणांत चिठ्ठ्या असत. एका चिठ्ठीवर एक वाक्य आणि ते कुठं छापलं होतं त्याची नोंद. आधाराशिवाय वाक्य कोशात जायचं नाही, हे तिनंच सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं.

त्या आठवड्यात इंग्रजीतलं 'मॅरी' हे क्रियापद टेबलावर आलं. दोनशे चौदा चिठ्ठ्या. इंग्रजीत एकाच शब्दावर भागतं: स्वतः लग्न करणं, मुलीचं करून देणं, अधिकाऱ्यानं दोघांचं लावणं. तिनं तीन गठ्ठे केले. करून देण्याचा गठ्ठा सगळ्यांत उंच झाला. स्वतः करणाऱ्यांत बहुतेक पुरुष होते. ज्या चार बायका होत्या, त्या विशीतल्या. तिनं कोरी चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, 'वयाच्या बावन्नाव्या वर्षी तिने लग्न केले.'

संपादकांनी शेजारी पेन्सिलीनं विचारलं, 'आधार?' तिनं खाली लिहिलं, 'पुढच्या महिनाअखेर सादर करते.'

वाक्य हवेतलं नव्हतं. तळमजल्यावर कोशाचे खंड बांधणारा बाइंडर विधुर होता, मोजकं बोलायचा, आणि चार वर्षं तिच्याबरोबर दुपारचा चहा घेत होता. विचारलं तिनंच. तो म्हणाला, "मला वाटलं, आधी कच्चा खर्डा दाखवाल."

घरी सांगितलं तेव्हा धाकट्या भावानं आधी टीव्ही बंद केला. वडील गेल्यावर तिनं त्याला शिकवलं, त्याचा संसार उभा राहिला, त्याची दोन्ही मुलं तिच्या मांडीवर वाढली. या सगळ्यात ताईच्या लग्नाचा विषय काढायला त्याला सवड झाली नव्हती. आता मात्र त्याला लोक आठवले. लोक तोंडात शेण घालतील, म्हणाला. या वयात हे थेर शोभतात का, म्हणाला. गेलीस तर या घराचं दार तुला बंद. भावजय भांडी पुसत होती.

ताई बधत नाही म्हटल्यावर तो थेट कार्यालयात येऊन संपादकांपुढे बसला. संपादकांनी तिला बोलावून समजुतीचे चार शब्द सांगितले. इतकी वर्षं थांबलात, आता घाई कशाला? कोश पुरा होऊ द्या, मग सावकाश बघू.

"सर, सव्वीस वर्षांत आपण एमपर्यंत आलोय," ती म्हणाली. "झेड येईपर्यंत मला चौघांच्या खांद्यावरून न्यावं लागेल."

संपादकांना हसू फुटलं, आणि हसल्यावर पुढचा उपदेश काही जमेना. भाऊ हसला नाही. "पण तुझं लग्न करून देणार कोण? मी तर येणार नाही."

"करून द्यायला मी काय सामान आहे? मी करतेय. तुला यायचं तर ये, नाहीतर नको येऊस."

नोटिशीची मुदत संपल्यावर, पुढच्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी दोघं नोंदणी कार्यालयात गेले. बाइंडरकडचे दोन कामगार साक्षीला होते. कारकुनानं फॉर्मवरून मान वर केली, तिच्या मागे नजर टाकली आणि मुलगी कुठं आहे म्हणून विचारलं.

"मुलगी मीच. केस पांढरे आहेत, तेही लिहायचंय का?"

कारकून खाली मान घालून लिहू लागला. मग म्हणाला, तिसरा साक्षीदार कुठाय? संपादक येणार होते; सकाळीच त्यांचा फोन आला होता, गुडघा धरलाय म्हणून. नेमका आजच, बाइंडर पुटपुटला. रस्त्यावरून जो भेटेल त्याला धरून आणते, असं म्हणून ती उठली, तर दारात भावजय उभी. जिने चढून धापा टाकत होती.

"कुठं करायची सही?"

ताईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "घरी आकाशपाताळ एक होईल, ठाऊक आहे ना?"

"होऊ दे," भावजय पेन घेत म्हणाली. "आज त्यांचा डबासुद्धा केला नाहीये."