थांब्यावरचा सोफा

मंजुळाच्या घरात सामान बसतं आणि माणसं उभी राहतात, असं आमच्या वाडीत सगळे म्हणायचे. म्हणेनात का, खोटं कुठे होतं? मी वैशाली, तिच्या शेजारची, भावकीतली जाऊ. दोन घरांच्या मधे फक्त एक फणस आहे, त्यामुळे मला बरंचसं दिसतं, आणि दिसत नाही ते मी सरळ विचारते. मला भांडकुदळ म्हणतात ते त्यामुळेच.

महाडजवळचं तुडील गाव सोडून थोडं पुढे गेलं की आमची वाडी. मंजुळाचा नवरा दत्ताराम गावी शेती बघतो. त्याचे दोन मोठे भाऊ मुंबईकडे, एक डोंबिवलीला आणि एक नालासोपाऱ्याला. त्यांच्याकडे नवीन काही आलं की जुनं टाकून द्यायला त्यांचा जीव होत नाही. मग ते टेम्पोत घालायचं आणि मंजुळाकडे पाठवायचं. म्हणे उपयोगी पडेल. काय उपयोगी पडणार, डोंबल! दोन फ्रिज आले, दोन्ही बंद. एकात तिने भाताचं बियाणं ठेवलं. दुसऱ्याचं दार लागत नव्हतं, म्हणून त्यात कोंबडी बसायची. म्हणजे अंडी फ्रिजमध्येच होती, फक्त कोंबडीसकट. त्यावर पाठीमागे पोट सुटलेले जुने टीव्ही, काचेचं शोकेस, जागच्या जागी चालवायची व्यायामाची सायकल, आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे थोरल्या भावजींचा मखमली सोफा, ज्याच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

बरं, पाठवून विसरले असते तरी चाललं असतं. पण दर आठवड्याला फोन. दत्तारामचा गुडघा दुखतोय याची चौकशी नाही, पण फ्रिजला गंज तर नाही ना चढला, सोफ्याला उंदीर तर नाही ना लागला, हे विचारायचे. मंजुळा बिचारी आत जाऊन बघून यायची आणि सोफ्याची तब्येत बरी आहे म्हणून सांगायची. मला त्या फोनचा असा संताप यायचा!

हे सगळं सामान भरलं होतं आतल्या खोलीत, आणि खरी पंचाईत तिथेच होती. मंजुळाची एकुलती एक लेक साक्षी पोलादपूरच्या वरच्या अंगाला दिलेली. पहिलटकरीण, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. नाव महाडच्या दवाखान्यात घालायचं होतं, पण आधी आणि नंतर राहणार कुठे? घरात मोरीला लागून, चुलीची ऊब मिळणारी खोली ती एकच. साक्षीच्या सासूच्या, गीताबाईंच्या, कानावर कुणीतरी घातलं की तुमच्या विहिणीकडे सून निजवायला पाटाएवढी जागा नाही. गीताबाईंनी निरोप धाडला की मी येऊन खोली बघते, जागा नसेल तर बाळंतपण आमच्याकडेच करू. त्या दिवशी साक्षीचा फोन आला. "आये, मला तुझ्याजवळ यायचंय गो," एवढंच म्हणाली. मंजुळा फोन ठेवून माझ्या ओटीवर येऊन बसली आणि ढसाढसा रडली.

मग तिने दोन्ही भावजींना फोन केले. सामान हलवू का म्हणून विचारलं. दोघांनी एकच उत्तर दिलं, असू दे, गणपतीला आल्यावर बघू. मी म्हटलं, मूल काय गणपतीपर्यंत पोटात थांबणार आहे? काढ उचलून आणि फेक! पण मंजुळा दुसऱ्याची वस्तू फेकणारी नव्हे. महाडचा भंगारवाला दारात येऊन उभा राहिला, त्यालाही चहा पाजून तिने परत पाठवला. दुसऱ्याची वस्तू विकायची कशी, म्हणाली. आता विकायचं नाही, टाकायचं नाही, ठेवायचं नाही, मग करायचं काय? दोन दिवस ती त्या सायकलवर बसून विचार करत होती. जागच्या जागी पायडल मारायची आणि समोरच्या टीव्हीकडे टक लावून बघायची, तो बंद होता तरी.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "उपयोगी पडंल म्हणून पाठवलंय ना? मग जिथं उपयोगी पडंल तिथं ठेवते."

आणि ठेवलं की हो! कोंबडीवाला फ्रिज धुऊनपुसून समाजमंदिरात गेला, त्यात भजनाचे मृदंग आणि टाळ राहू लागले. बियाण्याचा फ्रिज गोठ्यात, टीव्ही शाळेत गेले, सायकल तालमीतल्या पोरांनी नेली. आमच्या एसटीच्या थांब्याला पत्र्याची शेड आहे, पण आतला बाक कधीचा मोडलेला. तिथे दत्तारामने प्लॅस्टिक काढून तो मखमली सोफा नेऊन मांडला. बाजूला शोकेस, त्यात शाळेच्या पोरांनी जिंकलेल्या ढाली. एवढ्यावर भागलं असतं, पण कुणीतरी भिंतीवर घड्याळ लावलं, कुणी पायपुसणं टाकलं, आणि थांब्याचा पार दिवाणखाना झाला. माणसं चपला बाहेर काढून एसटीची वाट बघू लागली. वाडीतल्या बयाबाईला कुठेही जायचं नसायचं, तरी ती जेवण करून वाट बघायला यायची. एसटी येऊन उभी राहिली तरी कुणी उठेना. कंडक्टर खाली उतरून विनवायचा, चला हो, घरचं आवरा आता. एकदा तोच टेकला, तर ड्रायव्हरला हॉर्न मारून त्याला उठवावं लागलं.

मे महिन्यात एका दुपारी मी महाडहून बाजार करून उतरले. पाठोपाठ उतरल्या गीताबाई, खोली बघायला आलेल्या, आणि त्यांच्या मागून थोरले भावजी, सुट्टीला. भावजींना कुणी काही कळवलं नव्हतं. ऊन मी म्हणत होतं, दोघं सरळ सोफ्यावर बसली. भावजींनी हात फिरवला, शोकेसकडे बघितलं, खूश झाले. गाव सुधारलं म्हणाले, असा थांबा डोंबिवलीला नाही. मग गीताबाईंना अभिमानाने सांगू लागले की आमच्याकडेही अगदी अस्साच सोफा आहे, फार जपलाय, घरी चला, दाखवतो. मी पिशवीतल्या कोथिंबिरीत तोंड घातलं.

घरी आले ते थेट आतल्या खोलीत. खोली रिकामी. मंजुळाने भिंतीला चुना दिला होता, जमीन सारवली होती, कोपऱ्यात एक चटई गुंडाळून ठेवली होती. बस. भावजी दारातच थबकले. माझा सोफा कुठाय, म्हणून ओरडले.

मंजुळा डोक्यावर पदर घेऊन म्हणाली, "तुमी आत्ता त्याच्यावरच बसून आलाव, भावजी."

मग जो काही तमाशा झाला! वडिलांचं घर, माझा वाटा, मला न विचारता, आत्ताच्या आत्ता सोफा आत आणा. दत्ताराम खाली मान घालून उभा. गीताबाई एका कडेला, सगळं ऐकत. त्यांच्यासमोर सोफा आत आला असता तर साक्षी आलीच नसती, हे मला कळत होतं, आणि मी पदर खोचून पुढे झालेच होते. पण मंजुळाने मला हाताने मागे सारलं. जन्मात पहिल्यांदा दिराच्या डोळ्यांत बघून बोलली.

"सोफा आत आला तर माझी पोर भायेर राहते. आनू काय?"

भावजींचा आवाज एकदम खाली आला. म्हणाले, "मंजुळा, पुढच्या वर्षी रिटायर होतोय. माझं म्हणून या घरात काय राहिलं गो आता? तो सोफा तेवढा होता."

मला वाटलं होतं हा माणूस सोफ्यासाठी भांडतोय. वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

मंजुळाने कोपऱ्यातली चटई उचलली आणि खोलीच्या मधोमध अंथरली. "तुमी राहिलाव ना," ती म्हणाली. "आत्याबाईंनी तुमाला ह्याच खोलीत जन्म दिला. आनि गनपतीला येता तेव्हा तुमी पडवीत मच्छर मारत निजता, सोफा आत निजतो. पडा जरा."

एवढा मोठा माणूस, पँट-शर्टासकट चटईवर आडवा झाला. जरा वेळ तुळयांकडे बघत राहिला, मग कुशीवर वळला. आम्ही चहा ठेवेपर्यंत तो घोरत होता.

गीताबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आत काही त्या गेल्या नाहीत, माप घेतलं नाही, भिंती चाचपल्या नाहीत. चुलीपाशी आल्या आणि भावजींची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, खोलीत झोप लागते हो. सोमवारी पोरीला घेऊन या."

मंजुळाला चहा गाळता येईना, इतकं रडू येत होतं तिला. गाळणी मी घेतली हातातून, पण मलाही नीट दिसत नव्हतं.

सोमवारपर्यंत भावजी त्याच खोलीत निजले, दुपारी नि रात्री. साक्षी यायची त्या सकाळी मी फणसाखालून बघते तर ते पडवी झाडत होते. झाडून झाल्यावर आत गेले, चटई आणि उशी काखेत मारून बाहेर आले आणि पडवीत मांडली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.