सोनाबाईच्या हाताला कळलं होतं

नव्वदच्या सुमारास खांदा कॉलनीत जन्मलेली निम्मीशिम्मी पोरं सोनाबाईच्या पायांवर न्हाली. खाडीकाठच्या कोळ्यांची ही बाई. नवऱ्याच्या जाळ्यात मासळी येईनाशी झाली, तशी तिने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि सासूकडून, कृष्णाबाईकडून, शिकलेलं काम धरलं: बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. जिभेने फटकळ, पण रडून लाल झालेलं पोर तिच्या मांडीवर पडलं की जांभई द्यायचं. खुबा सरकलाय, टाळू खोल गेलीय, हे तिला डॉक्टरच्या आधी कळायचं.

कॉलनीतल्या बायकांचं तिच्यावाचून पान हलत नसे, पण स्वयंपाकघरात मात्र तिला थारा नव्हता. मासळीवालीचे हात ओट्याला लागले तर जणू आभाळच कोसळणार होतं! मग तेल कोमट करायचं कुठे? सोनाबाईने युक्ती काढली. पनवेलच्या बाजारातून मऊ प्लास्टिकची, दाबली की धार सोडणारी बाटली आणली, तिच्यात तेल भरलं आणि न्हाणीघरातच कढत पाण्याच्या बादलीत ती बुडवून ठेवू लागली. बाटली पार लुळी पडायची. तेलाला एक उग्र वास यायचा. बायका म्हणायच्या, किती सोयीचं! सोनाबाईलाही आपल्या डोक्याचं कौतुक वाटे.

त्याच सुमाराची गोष्ट. एका बँकवाल्यांच्या नातवाला पुसताना तिच्या हाताला लागलं की पोराची एक बाजू रिकामी आहे, अंड उतरलेलंच नाही. तिने आडपडदा न ठेवता आजीला सांगितलं, "बाय, डाक्टरला दाखवा. येक गोटी जाग्यावर नाय."

आजीचा पारा चढला. "आमच्या वंशाला नावं ठेवतेस?"

दुसऱ्या दिवसापासून काम बंद. सोनाबाई अपशकुनी बोलते, ही बातमी चार जिने फिरली आणि त्या महिन्यात तिची आणखी तीन घरं सुटली. नवरा घरी बसलेला, चूल पेटवायची कशावर? तेव्हापासून ती एक शहाणपण शिकली. मुलाच्या त्या जागेबद्दल तोंड उघडायचं नाही. वाईटच शहाणपण ते, पण पोटाने शिकवलेलं.

मग वसुंधरा आली. नवरा दीनानाथ सरकारी कचेरीत, घरात सासू, पहिलंच बाळंतपण. पाचव्या महिन्यापासून तिची कंबर धरायची, म्हणून सोनाबाई रोज येऊन त्याच बाटलीतलं तेल तिच्या कमरेला आणि पोटऱ्यांना चोळायची. वसुंधरा तिची लाडकी झाली, कारण ती एकटीच तिला कपबशीतून चहा द्यायची. मुलगा झाला, त्याचं नाव शार्दूल. पहिल्याच अंघोळीला सोनाबाईचा हात थबकला. पोराच्या दोन्ही बाजू रिकाम्या होत्या.

पुष्कळांच्या दोन-तीन महिन्यांत उतरतात, असं तिने मनाला समजावलं. रोज पुसताना ती हळूच चाचपून बघायची. सव्वा महिना गेला, तीन महिने गेले, उतरलं काहीच नाही. निरोपाच्या दिवशी वसुंधराने तिला लुगडं दिलं, वाकून नमस्कार केला. ओठांवर आलेलं सोनाबाईने गिळलं. डॉक्टरांनी बघितलं असेलच की, असं म्हणत ती जिना उतरली. डॉक्टरांनी दंडावर सुई टोचली होती, लंगोट सोडून बघितलंच नव्हतं.

आठ वर्षं गेली. शाळेत मुलांची तपासणी झाली, चिठ्ठी घरी आली आणि वसुंधरा शार्दूलला घेऊन डॉक्टर चारुतांकडे धावली. त्यांनी तपासून विचारलं, "गोट्या जन्मतः खाली होत्या आणि नंतर वर गेल्या, की कधी उतरल्याच नाहीत? आठवून सांगा, फार फरक पडतो."

वसुंधराला सांगता येईना. कसं येणार? पहिले तीन महिने पोराला न्हाऊ घालणारी दुसरीच होती, आणि पुढे काय बघायचं ते हिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने तडक रिक्षा केली, खाडीकाठचं घर शोधलं आणि सोनाबाईला दवाखान्यात आणून उभं केलं.

डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. वसुंधरा डोळ्यांत प्राण आणून बघत होती. "होत्या" एवढं म्हटलं की झालं असतं. सोनाबाईला खोटं पाडणारं जगात कुणी नव्हतं. पण त्या शब्दावर पोराचं औषधपाणी ठरणार होतं, आणि एकदा गप्प बसून तिने पुरेसं पाप केलं होतं.

"नव्हत्या," ती म्हणाली. "पयल्या दिसापासना नव्हत्या."

वसुंधरा खुर्चीत मागे टेकली. डॉक्टरांनी लिहून घेतलं. शस्त्रक्रिया लगेच करायची, पण व्हायचं ते नुकसान बरंचसं झालेलं. पुढे मूल होईल की नाही, सांगता येत नाही, आणि तरुणपणी गाठ येते का यावर लक्ष ठेवावं लागेल. वर्षाच्या आतबाहेर आणला असता तर गोष्ट वेगळी होती.

"मावशी, असे किती पाहिलेत?" त्यांनी विचारलं.

सोनाबाईने पेरं मोजली. "सासूनं अख्ख्या जल्मात दोन. मी धा वरसांत अकरा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. परदेशात आता एक संशय घेतायत, त्या म्हणाल्या. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात, ते अंगात जाऊन पुरुषाच्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतं. गाभण उंदरिणीला ते दिलं तर तिच्या नर पिल्लांत असाच दोष दिसतो. माणसांचं अजून सिद्ध नाही. गरम तेल असलं की ते जास्त सुटतं.

 सोनाबाईने बादलीतल्या बाटलीचं सगळं सांगितलं, वसुंधराच्या पाचव्या महिन्यापासूनचं.

"त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गरम चहाही आपण प्लास्टिकच्या पिशवीतून आणतो. कुणाकुणाचं नाव घ्यायचं?"

हे ऐकून तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शार्दूल पुढे पळत खाली गेला. जिन्यात वसुंधराने तिला अडवलं. "तेलाचं तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण हे तर कळलं होतं ना? मग सांगितलं का नाही?"

"सांगतला असता तर तुमी मला काढली असती, वैनी."

वसुंधरा रागाने काहीतरी बोलणार होती.  पण तिला सासू आठवली असेल, नवरा आठवला असेल, चोवीस वर्षांची ती स्वतः आठवली असेल.

"हो," ती म्हणाली. "काढलं असतं." मग दोन पायऱ्या उतरून ती वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सोनाबाई, आमच्या घरी यातलं कुणाला बोलू नका हं."