तहसीलदार झालेल्या वन्सं

वन्सं गेल्याची तार आली तेव्हा मी लातूरला बहिणीकडं होते. नांदेडला पोहोचले तर आमचे हे, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, फोटोंचा ढीग पुढ्यात घेऊन बसलेले. आमचा फोटोचा स्टुडिओ. फोटोंना तोटा नव्हता. पण भिंतीवर लावावा असा वन्संचा एकही सापडेना. म्हणजे होत्या त्या पुष्कळ फोटोंत... पण दुसरंच कुणीतरी होऊन.

वन्सं लहानपणीच विधवा झाल्या. केशवपन, लाल आलवण, माजघर. दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नसलं की त्या मागच्या दारानं यायच्या आणि कधी देगलूरची तेलुगू सावकारीण व्हायच्या, कधी किल्ला लढवणारी सरदारीण. नुसता वेष नाही. प्रत्येकीचं घराणं, भाऊबंदकी, सगळं रचलेलं. सरदारणीच्या वेढ्याची हकीकत सुरू झाली की स्वयंपाक खोळंबायचा. कपडे मी शिवायची. मला त्या नादातलं फारसं कळत नसे, पण माप देताना त्या खुशीत असायच्या.

सगळ्यांत चांगले जमले ते तहसीलदार. काळी शेरवानी, रूमी टोपी, चिकटवलेल्या मिशा. ह्यांनी फोटो हौसेनं दर्शनी काचेत लावला. लोह्याकडचा एक शेतकरी तो बघून आत आला, हे सायब कोण्या कचेरीत बसतेत म्हणून विचारू लागला. पडद्यामागून वन्संनीच घोगऱ्या आवाजात सांगितलं, "सायब दौऱ्यावर हायेत." बिचारा पडद्याला सलाम करून गेला.

त्याच दिवशी मी म्हटलं, आता तुमचा स्वतःचा एक काढू, आहे तसा, आलवणातला. गंमत म्हणून पुन्हा लावलेल्या मिशा त्या सोडवत होत्या.

"आलवण मला नेसवलं गं. शेरवानीचं कापड मी पसंत केलं. मग माझा फोटो कोणता?"

कापड त्यांनी खरंच चांगलं निवडलं होतं.

तेराव्याला चुलतसासरे म्हणाले, चित्रकाराकडून आलवणातलं चित्र काढून घ्या. तसं चित्र एकदा भिंतीवर चढलं की पुढची पोरं वन्संना तेवढंच ओळखणार, हे मला दिसत होतं. मी स्टूल ओढलं आणि तहसीलदार टांगले. लोक विचारतील, चुलतसासरे म्हणाले. विचारू द्या, मी म्हटलं.

विचारतातच. परवा नवी शेजारीण आली, फोटो बघून तिनं घाईनं पदर सारखा केला.

"हे कोण सायब?"

"आमच्या नणंदबाई," मी म्हटलं. "बसा, चहा टाकते."