आजारी नसलेल्या मुलीची केळी

पेठचा घाट चढेपर्यंत मी शूर होते. एसटीत मंचरला उतरणारी माणसं उठायला लागली तशी मी ओढणी डोक्यावर घट्ट गुंडाळली आणि आमच्या कळंबला उतरले ती खाली मान घालून. ओढणीखाली डोक्याच्या दोन्ही बाजू साफ होत्या आणि मधे कपाळापासून मानेपर्यंत केसांचा एक पट्टा उरला होता. आमच्या बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्या मुलीनं तिच्या स्वयंपाकघरात मशीन फिरवलं होतं, तेही माझ्याच आग्रहावरून.

आमचं संगीत पंक. गाणं कसलं, चाल लावलेलं भांडणच म्हणा. पुण्याच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी वर्गात 'व्हतं' म्हणाले आणि पुढच्या बाकावरच्या पोरी वळून हसल्या. त्यानंतर मी वर्षभर तोंडच उघडलं नाही. मग एका मैत्रिणीनं मला एका पत्र्याच्या खोलीत नेलं, जिथे हे पंकवाले आठवड्यातून एकदा जमून आरडाओरडा करायचे. कुणाचे केस निळे, कुणाच्या कानात सेफ्टी पिन. नाचताना धक्काबुक्की इतकी, की मला वाटलं आता डोकी फुटणार. पण एकजण पडला आणि चौघांनी त्याला उचललं, झटकलं, पुन्हा नाचायला सोडलं. तिथला तो एकच नियम होता. माईक माझ्या हातात आला तेव्हा मी घाबरून आणि चिडून जे ओरडले ते घरच्या बोलीत, 'नाय म्हंजी नाय!' कुणी हसलं नाही. ड्रमवाली म्हणाली, "असंच. अजून जोरात." त्या दिवशी मी हॉस्टेलवर पोचेपर्यंत रडत होते, आनंदानं.

तेव्हापासून पुण्यात मी पुरती मी होते आणि घरी जाताना अर्धी. बँडबद्दल घरी माहीत होतं, पण 'गाण्याचा क्लास' इतपतच. या वेळी पुरती जायचं ठरवलं होतं. आई मला अशी घरात घेते का, एवढंच बघायचं होतं. त्याचीच भीती होती.

आईनं ओढणी काढून बघितलं, परत बांधली आणि म्हणाली, "हात-पाय धू." बस्स. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारी केस वाळवत होते, तर शेजारच्या बाईंनी कुंपणावरून बघितलं. त्यांच्या हातातली बादली तिथेच राहिली. आईला हळूच विचारताना मी ऐकलं, "पोरीला काय झालंय वो?" आई म्हणाली, "जरा बरं नव्हतं तिला."

झालं. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला मोकळ्या हातानं कुणी येत नाही. बिस्किटाचे पुडे आले, शहाळी आली, केळ्यांचे घड आले. शिनोलीच्या मावशीनं अंगारा पाठवला. बायका माझ्याजवळ बसायच्या, हळू आवाजात बोलायच्या, जाताना आईचा हात दाबायच्या. वडील शेतातून आले की घडाकडे बघायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "आधी ही संपवा." मला हसू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा. आईला आजारी मुलगी चालत होती, मी चालत नव्हते.

अशातच एका दिवशी तिसऱ्या प्रहरी पलीकडच्या गल्लीतल्या काकू आल्या. त्यांना दोन वर्षांपूर्वी मोठं दुखणं झालं होतं, मुंबईला उपचार झाले. तेव्हापासून घरातसुद्धा त्यांच्या डोक्यावरचा पदर ढळलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांनी दार लोटलं, माझ्यासमोर बसल्या आणि पदर खाली घेतला. विरळ, पांढरे, बोटभर केस होते.

"बघ, येत्यात परत," त्या म्हणाल्या. "घाबरू नगं. मी बी लई रडले. कुणाला दावलं न्हाई, तुला दावते."

नाही म्हणायला शिकलेली मी, तोंडातून शब्द फुटेना. इतक्यात आई चहा घेऊन आत आली. काकूंचं उघडं डोकं बघून तिथेच थांबली. कप खाली ठेवला आणि खाली बसली.

"वैनी, तिला काय झालेलं न्हाई. तिनं हौसंनं मशीन फिरवून घेतलीया. गाण्यात असत्यात म्हणं अशी. मला लाज वाटली, म्हणून मी खोटं बोलले." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरगी अशीच हाये माझी."

मला आईच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण काकूंची भीती वाटत होती. त्यांनी आपलं झाकलेलं दुखणं एका खोट्यापायी उघडं केलं होतं. रागावल्या असत्या तर हक्कच होता त्यांचा.

काकूंनी माझ्या डोक्याच्या साफ बाजूवरून हात फिरवला. "हौसंनं?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "मंग म्हणून दाव की गाणं."

पंक हळू म्हणता येत नाही. मी उभी राहिले आणि ओरडले. गोठ्यातली म्हैस उठली, कुत्रं भुंकायला लागलं, आईनं कानावर हात ठेवले. काकू मात्र मांडीवर ठेका धरून बसल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "दवाखान्यात मला असंच वरडावं वाटायचं."

चहा पिऊन त्या निघाल्या. आईनं सवयीनं त्यांचा पदर डोक्यावर सारखा करायला हात पुढे केला. काकूंनी तो हात हळूच बाजूला केला. पदर खांद्यावरच ठेवून त्या आमच्या दारातून भर उजेडात गल्लीत उतरल्या. नळावर बायका होत्या. त्यांचं बोलणं थांबलं. त्यातल्या एकीनं कसंबसं विचारलं, "काय वो, कशी हाये पोरगी?"

"तिला काय धाड भरलीया!" काकू चालता चालताच म्हणाल्या. "आन् मला बी न्हाई."