सतरा हातांची नाव

धरणाचं पाणी आलं आणि आमच्या जमिनीचे दोन तुकडे झाले. घर इंदापूरच्या बाजूला राहिलं, तीन एकर रान पलीकडच्या काठाला गेलं. रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, आणि आई रोज कुणाच्या तरी होडीतून पलीकडे जात. आईला पाण्याची भयंकर भीती. होडी सुटली की ती डोळे मिटायची आणि काठ लागेपर्यंत अवाक्षर काढायची नाही.

मी तेव्हा बारामतीला एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. चार इयत्ता जास्त शिकलेला, महिन्याला पगार आणणारा, त्यामुळे घरात माझ्या शब्दाला नको तेवढं वजन. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. वरकुट्याकडचा एक म्हातारा नावाडी मुलीकडे राहायला निघाला होता आणि त्याला त्याच्या दोन शिडाच्या नावा विकायच्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आबा बघायला गेलो.

एक अकरा हातांची, निमुळती. तिच्यावर जागोजागी फळ्यांचे तुकडे ठोकलेले, शीड विटलेलं. दुसरी सतरा हातांची, रुंद, सपाट तळाची, नुकतं डांबर पाजलेली. पण मोठीच्या तळाखाली गवत उगवून वाळलं होतं. म्हातारा मात्र पलीकडून आला तो छोटीतून, आणि ती त्याने काठावर ओढून घेतली.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता डझनभर उरली होती, पण आबांना कुठलीही वस्तू जनावरासारखीच पारखता यायची. बाजारात मेंढीची पाठ दाबून बघतात तशी त्यांनी दोन्ही नावांची फळीन्‌फळी दाबून बघितली. मग दोन्ही पाण्यात ढकलायला लावल्या. छोटीत पाय ठेवला तशी ती डुचमळली. मोठीत आम्ही दोघं एका काठाला उभे राहिलो, तरी ती हलली नाही.

"ही हलती, पर सांगून हलती," म्हातारा छोटीवर हात ठेवून म्हणाला. "मोठी काय बी सांगत न्हाय. थांबती, थांबती, आन् एकदम जाती. वाऱ्यात तिचं शीड बी लवकर उतरत न्हाय."

"मग तुमी हिला वापरत का न्हाय?" आबांनी विचारलं.

"तुमाला पायजे ती न्या," म्हातारा एवढंच म्हणाला. आबा छोटीकडे वळले. त्यांच्या मनात तीच भरली होती, हे मला दिसत होतं.

मला आईचे मिटलेले डोळे आठवत होते. शिवाय म्हाताऱ्याने मला शिकवावं हे काही मला रुचलं नाही. जे जनावर लाथ मारत नाही, बुजत नाही, त्याला आमच्यात गरीब म्हणतात, आणि घ्यावं तर गरीब जनावर, हा आबांचा हेका. मी तोच त्यांच्यावर उलटवला. "आबा, मोठी गरीब हाय बघा. आई भिणार न्हाय. आन् मेंढरं बी बसत्यात." आबांनी छोटीच्या काठावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "तू म्हणतुयास तर व्हय."

आई खरोखरच भ्याली नाही. महिनाभरात ती डोळे उघडे ठेवून बसू लागली. माझी छाती फुगली. म्हाताऱ्याचे शब्द अधूनमधून टोचायचे, पण मी ते झटकून टाकायचो.

वैशाखात मी सुट्टीवर आलो होतो. दुपार कलताना पलीकडून मेंढरं घेऊन आम्ही तिघं निघालो. पाणी तेलासारखं थिजलं होतं, शीड नुसतं लोंबत होतं आणि आम्ही वल्ह्यांवर चाललो होतो. निम्म्यावर आलो आणि डावीकडचं आभाळ मातकट झालं. आबा म्हणाले, "शीड उतरव." मी दोराला हात घातला, पण वारा आधी आला. शीड ताणलं, गाठ आवळली, नाव उजवीकडे कलली आणि तशीच थांबली.

वाऱ्याकडचा काठ वर उचलला गेला होता, त्यामुळे खालच्या बाजूला आडोसा झाला होता. मेंढरं आडोशाला जातातच, ती सगळी तिकडे दाटली. माळावर वावटळ आली की आबा वाऱ्याला पाठ करून कळपाशी दबकून बसायचे, सगळ्यांना जवळ ओढायचे. जन्माची सवय. आई वरच्या काठाला घट्ट धरून बसली होती. आबांनी हात पुढे केला. "अगं, हिकडं ये. आडोशाला ये." ती उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. मीही गेलो. म्हणजे सगळा भार बुडत्या बाजूला. पाणी काठावरून आत आलं आणि नाव एकदम गेली.

मी पोहत वर आलो. आबा उपड्या नावेला धरून होते. आई शिडाखाली सापडली, मासेमारांनी काढली तोवर सगळं संपलं होतं.

पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने विचारलं, "नाव कुणी पसंत केली?"

"म्या," आबा म्हणाले. "पोरगं बारामतीला असतंय. त्याला कायबी ठावं न्हाय."

मी तोंड उघडलं नाही. मग त्याने मला विचारलं, कलंडली कशी? मी आबांच्या हातांकडे बघितलं. त्यातलाच एक त्यांनी आईपुढे केला होता. म्हटलं, "मेंढरं सरकली." त्याने तेवढं लिहून घेतलं. आबांनी अंगठा उठवला, मी सही केली.

आबा पुढे अकरा वर्षं जगले. मी सुट्टीला गेलो की आम्ही दोघं मिळून पिठलं-भाकरी करायचो. एकदा घास हातात धरून ते म्हणाले, "त्या दिशी म्या तिला हाक..."

"आबा, भाकरी घ्या," मी म्हणालो.

त्यांनी भाकरी घेतली. त्यांना बोलायचं होतं. मी बोलू दिलं नाही, कारण मग मलाही बोलावं लागलं असतं.